इसार आणि विलंब

पैसा घेतांच माल देणें हा व्यवहार झाला; पैसा घेऊन माल पुढें देऊं असें म्हणणें हें वचन झालें. या दोहोंतील अंतर बाजारांत फारसें कोणी मोजीत नाहीं, कारण बहुधा तें चार-आठ दिवसांचेंच असतें. परंतु तेंच अंतर सहा महिन्यांचें झालें म्हणजे त्यांत नीतीचा केवढा प्रश्न दडलेला असतो, हें एका स्नेह्यांच्या हकिकतीवरून अलीकडे आमच्या ध्यानांत आलें.

हे गृहस्थ चंद्रपुरास शिक्षक असून त्यांस हौशी रेडिओचा नाद आहे. सरकारी परीक्षा देऊन व परवाना घेऊन स्वतःच्या यंत्रावरून दूरदूरच्या लोकांशीं बोलावें, असा हा नाद. त्यांतून द्रव्यलाभ करण्यास कायद्यानें मनाई आहे. मात्र तो निव्वळ करमणुकीचा नव्हे. डिसेंबर २००४ मध्यें सुनामीच्या लाटांनीं अंदमानचें दळणवळण तोडलें, तेव्हां तेथें आधींच गेलेल्या हौशी मंडळींच्या यंत्रांनीं कित्येक निरोप मुख्य भूमीस पोंचविले. आमच्या स्नेह्यांच्या मनांत होतें तें गडचिरोलीचें टोंक. पर्लकोटेस पूर आला कीं भामरागडचा रस्ता बंद पडतो, आणि पुष्कळदां वीज व दूरध्वनीही त्याच्याबरोबर जातात. तिकडील एका परवानाधारक तरुणाजवळ पावसाळ्यापूर्वीं बॅटरीवर चालणारें एक लहानसें यंत्र असावें, म्हणून त्यांनीं जानेवारींत एका लहान उत्पादकाकडे सगळी रक्कम आगाऊ भरली. एप्रिलअखेर यंत्र देण्याचें वचन मिळालें. यंत्र आलें तें ऑक्टोबरांत; पर्लकोटेचें पाणी तोंवर केव्हांच ओसरलें होतें. मधल्या काळांत त्यांच्या चार पत्रांस एकच उत्तर आलें : "पुढील महिन्यांत पाठवितों." स्नेह्यांनीं आम्हांस विचारलें, "माझा राग न्याय्य आहे काय?"

उत्तर देण्यापूर्वीं दुसरी बाजू ऐकली पाहिजे. परदेशी कारखान्यांचीं तयार यंत्रें शिक्षकाच्या पगारास झेपणारीं नसतात. म्हणून हा नाद आपल्याकडे लहान उत्पादकांवर आणि घरीं यंत्र जोडणाऱ्यांवरच पुष्कळसा जगला आहे. हैदराबादचे अशहर फरहान यांनीं 'बिटएक्स' नांवाच्या यंत्राची रचना सर्वांस खुली केली, ती याच हेतूनें कीं सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून तें कोणासही जोडतां यावें. परंतु लहान उत्पादक म्हणजे बहुधा दोन-चार माणसें. वलयाकार गाभ्यावर तारेचे वेढे हातानेंच घ्यावयाचे, जोडकाम डोळ्यांत तेल घालून करावयाचें. आणि शंभरांतील नव्याण्णव भाग तयार असूनही शंभराव्यासाठीं सगळें अडून राहावयाचें. २०२० नंतरच्या दोन-तीन वर्षांत जगभर चिपांचा तुटवडा पडला, तेव्हां मोठमोठे मोटारींचे कारखानेही थांबले. तेथें चार माणसांच्या खोलीची काय कथा? शिवाय त्याच्याजवळ भांडवल नसतें. गिऱ्हाइकाचा आगाऊ पैसा हेंच त्याचें भांडवल. म्हणजे असें गिऱ्हाईक नुसतें खरेदीदार नसून नफ्यांत वांटा नसलेला एक भागीदारच असतो. अशा उत्पादकास केवळ उशिरासाठीं लबाड म्हणणें अन्यायाचें होईल.

तथापि उशीर क्षम्य आहे एवढ्यानें प्रश्न सुटत नाहीं. याज्ञवल्क्यस्मृतींत इसारास 'सत्यंकार', म्हणजे बोलणें खरें करणारें द्रव्य, असा अर्थपूर्ण शब्द आहे. आणि तो घेऊन व्यवहार मोडणाऱ्यानें दुप्पट रक्कम परत द्यावी, असें सांगितलें आहे. १८७२ च्या करार कायद्याचें ५५ वें कलम याहून सूक्ष्म विचार करतें. मुदत हा कराराचा गाभा असेल, तर ती टळतांच करार रद्द करण्याचा हक्क मिळतो. नसेल तर करार टिकतो, फक्त भरपाई मागतां येते. मुदत गाभा आहे कीं नाहीं, हें वस्तूवरून नव्हे, तर तिच्या प्रयोजनावरून ठरतें. गडचिरोलीच्या शेतकऱ्याचे पऱ्हे रोवणीस आले असतां पाऊस महिनाभर उशिरा आला, तर पाणी तेंच असून तो पाऊस तोच नव्हे. भामरागडसाठीं मागविलेलें यंत्र ऑक्टोबरांत आलें, तें यंत्र तेंच असूनही मागविलेली वस्तु नव्हे.

येथें आम्हीं स्नेह्यांस एक अप्रिय प्रश्न केला : पहिल्या पत्रांत पावसाळ्याचा उल्लेख होता काय? नव्हता. तो प्रथम आला जूनमधल्या तिसऱ्या पत्रांत. त्यांनीं तें निर्मळपणें कबूल केलें. तेव्हां जूनपर्यंतचा दोष उत्पादकाच्या एकट्याच्या माथीं मारतां येत नाहीं. जी निकड आपण बोलून दाखविली नाहीं, ती दुसऱ्यानें ओळखली नाहीं म्हणून त्याला दूषण कसें द्यावें?

परंतु जूननंतर काय? निकड कळल्यावरही "पुढील महिन्यांत" हेंच उत्तर, आणि तेवढ्यांत नव्या गिऱ्हाइकांकडून नवा आगाऊ पैसा घेणें चालूच. खरा दोष आम्हांस येथें दिसतो. विलंब परिस्थितीनें लादलेला असतो. मौन आपण होऊन पत्करलेलें असतें. भाग मिळत नाहीं, दिवस सांगतां येत नाहीं, पाहिजे तर पैसे परत घ्या, एवढें लिहिण्यास कोणतीही चिप लागत नाहीं. कोणी म्हणेल, खरें सांगितलें तर गिऱ्हाइकें पैसे परत मागतील आणि धंदाच बुडेल. हें भय खोटें नाहीं. पण ज्याच्या पैशावर आपण उभे आहोंत, त्याला जोखीम न सांगतां ती त्याच्यावर टाकणें म्हणजे त्याच्या संमतीवांचून त्याच्याकडून कर्ज काढणें होय. भागीदारास नफा नसला तरी निदान माहिती मिळाली पाहिजे.

उरला गिऱ्हाइकाचा धर्म. त्या कलमांतच आणखी एक बारकावा आहे : मुदत हा गाभा असतां उशिरानें दिलेलें ज्यानें स्वीकारलें, त्यानें स्वीकारतांनाच तसें बजावलें नाहीं, तर मागाहून भरपाई मागतां येत नाहीं. भरपाईची गोष्ट सोडली, तरी त्यांतील नीति आम्हांस मोलाची वाटते. क्षमा करावयाची तर बोलून करावी. मनांत गिळलेली तक्रार ही क्षमा नव्हे, आणि तिच्यापासून उत्पादकही कांहीं शिकत नाहीं. आम्हीं स्नेह्यांस सांगितलें कीं तुमचा राग न्याय्य आहे, पण निम्म्यानें. आणि तो निम्मा कळविणें हें तुमचें कर्तव्य आहे.

त्यांनीं त्याच रात्रीं पत्र लिहिलें. यंत्र उत्तम चालतें. परंतु ज्यासाठीं मागविलें तो पावसाळा निघून गेला. निकड प्रथमच कळविली नाहीं ही माझी चूक. आपण आमच्यासारख्या इतरांस तरी खरी स्थिति कळवीत जावी. भरपाईबद्दल अवाक्षर नव्हतें. यंत्र आतां भामरागडला त्या तरुणाजवळ आहे, आणि पुढच्या पावसाळ्याची वाट पाहत आहे.