कव्हरिंगखालचा जोड



आजचा शब्द आहे 'आर्जव'. गीतेत हा शब्द पुन्हा पुन्हा भेटतो. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगताना येतो, सोळाव्यात दैवी संपत्तीच्या यादीत येतो, अठराव्यातही येतो. आपल्याच जिल्ह्यात, नेवाश्याला, शके १२१२ मध्ये म्हणजे इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वर महाराजांनी तेराव्या अध्यायातल्या या एकेका लक्षणावर थांबून निरूपण केलं. आज मात्र आपण सतराव्या अध्यायाच्या चौदाव्या श्लोकापाशी थांबू. तिथे या शब्दाला दिलेली जागा जरा विचार करायला लावणारी आहे.

सतराव्यात भगवंत तपाचे तीन भाग करतात. चौदाव्या श्लोकात शरीराचं तप, पंधराव्यात वाणीचं, सोळाव्यात मनाचं. आर्जव म्हणजे सरळपणा. आपण त्याचा अर्थ पटकन 'खरं बोलणं' असा घेतो. पण खरं बोलणं तर पंधराव्यात, वाणीच्या तपात आलंय. आर्जव त्याच्या आधीच्या श्लोकात आहे. शुचिता, ब्रह्मचर्य, अहिंसा यांच्या रांगेत, शरीराच्या तपात! असं का? सरळपणाचा हातापायांशी काय संबंध?

या प्रश्नाचं मला पटलेलं उत्तर पाथर्डीत, बहिणीच्या घराच्या गच्चीवर सापडलं. माझा भाचा डिप्लोमाला आहे. गेल्या दोन सुट्ट्यांत आम्ही दोघांनी किट आणून रिमोटवर उडणारं एक विमान बांधलं. पंखांची लांबी दीड मीटर, वजन दीड किलो. शिकाऊ लोकांसाठी असतं तसं साधं, पंख वर असलेलं मॉडेल.

ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. किटमध्ये बाल्सा नावाच्या अतिशय हलक्या लाकडाच्या कापलेल्या फासळ्या येतात. सपाट फळीवर नकाशा पसरायचा, त्यावर पातळ प्लास्टिक, आणि त्यावर टाचण्या लावून एकेक फासळी चिकटवत जायची. या सगळ्या फासळ्या ज्या लांब दांडीवर ओवल्यासारख्या बसतात तिला स्पार म्हणतात. पंखाचा कणाच तो. सांगाडा पूर्ण झाला की कव्हरिंग. रंगीत प्लास्टिकची फिल्म असते, तिच्या एका बाजूला उष्णतेने चिकटणारा गोंद असतो. आधी छोट्या इस्त्रीने कडा चिकटवायच्या, मग उष्णता वाढवायची. फिल्म आकसते, सुरकुत्या जातात आणि पंख ढोलासारखा ताणून बसतो. हा क्षण फार सुखाचा असतो. इतके दिवस काड्यांचा पिंजरा दिसणारी गोष्ट एकदम 'विमान' दिसायला लागते.

पण इथेच एक गंमत आहे. फिल्म आकसते तेव्हा तिच्यात बरीच ओढ असते. एका बाजूने जास्त आकसली तर अख्ख्या पंखाला पीळ पडतो. वरून बघितलं तर सुंदर, चकचकीत. मागून, डोळ्याच्या रेषेत धरून बघितलं तरच कळतं की टोक मुळाशी समांतर नाही. असा पंख उलट दिशेने पिळून धरायचा, तसाच धरून पुन्हा गरम करायचा आणि थंड होईपर्यंत सोडायचा नाही. हाताला रग लागते. मला वाटतं, शारीर तप हा शब्द इथे अगदी अक्षरशः लागू पडतो!

कुणी म्हणेल, एवढं कशाला? रिमोटवर ट्रिम नावाची सोय असते. विमान डावीकडे ओढत असेल तर ट्रिम उजवीकडे दोन टिचक्या द्या, सरळ उडेल. उडतं खरं. पण ती सोय एका वेगापुरती असते. उतरताना वेग कमी झाला की पिळाचा खरा स्वभाव बाहेर येतो आणि ज्या टोकाची नाकाडी वर वळलेली असते ती बाजू आधी खाली पडते. तीही जमिनीजवळ, जिथे सावरायला उंची नसते. वागण्यातला सरळपणा आणि घडणीतला सरळपणा यांतला फरक मला इथे दिसला. वागणं ट्रिमने सरळ ठेवता येतं. आर्जव हे घडणीत असावं लागतं, म्हणून ते शरीराच्या तपात.

आता मूळ मुद्द्याकडे येतो.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी विमान उतरताना बाभळीला लागलं आणि उजव्या पंखाचा स्पार मोडला. भाच्याने तो एकट्याने दुरुस्त केला आणि, मामा म्हणून नाही तर इंजिनिअर म्हणून सांगतो, उत्तम केला. मोडलेली टोकं सरळ न जोडता तिरकी कापली. जोडाची लांबी लाकडाच्या जाडीच्या बारा पट ठेवली, म्हणजे गोंदाला धरायला भरपूर जागा मिळते. दोन्ही बाजूंनी पट्ट्या लावल्या. इपॉक्सी चोवीस तास सुकू दिलं. मग त्यावर नवी फिल्म. कुठे मोडलं होतं, शोधूनही सापडेना.

पुढे त्याच्या हॉस्टेलमधल्या एका ज्युनिअरने विमान मागितलं. नऊ हजार द्यायला तयार. भाच्याला सेकंडहँड लॅपटॉपसाठी पैसे जमवायचे होते, आणि घरी मागायचे नव्हते. त्याने मला विचारलं, "मामा, स्पारचं त्याला सांगायलाच पाहिजे का? विचारलं तर खोटं नाही बोलणार मी. पण विचारलंच नाही तर?"

मी काही बोलायच्या आत तो हसून म्हणाला, "आणि मौन पण तपच आहे ना? सोळावा श्लोक!"

पोरगं वाचतं, याचा आनंद झाला. पण त्याच श्लोकात, त्याच ओळीच्या पुढे, भावशुद्धीही आहे. मनाच्या तपातलं मौन भावशुद्धीच्या शेजारी बसतं. किंमत पडू नये म्हणून धरलेलं मौन तिच्या शेजारी बसेल का, हे ज्याचं त्याने स्वतःला विचारायचं.

आमचे दाजी तिथेच बसले होते. त्यांनी व्यवहाराची बाजू मांडली आणि ती हलकी नाही. आपल्या तालुक्यात मढीला कानिफनाथांच्या यात्रेत गाढवांचा मोठा बाजार भरतो. दाजी म्हणाले, "तिथं कोण सांगतं का, माझं जनावर म्हातारं आहे म्हणून? घेणारा तोंड उघडतो, दात बघतो, वय ताडतो. बघून घेणं हे घेणाऱ्याचं काम."

मी म्हणालो, "दाजी, दात दिसतात. स्पार दिसत नाही. तो तर आपणच इस्त्री करून झाकलाय." बाजारातला तो नियम उघड्या गोष्टींसाठी न्यायाचा आहे. जी गोष्ट बघायची वाट आपणच बंद केली, तिथे 'तू बघून घ्यायचं होतंस' हे म्हणणं टिकत नाही.

भाच्याचा पुढचा मुद्दा सगळ्यात मजबूत होता. त्याने पंख उलटा करून मधल्या भागावर टेकवला होता आणि दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत अर्धा-अर्धा किलो वाळू भरून अशा बारा पिशव्या दोन्ही बाजूंना पसरून ठेवल्या होत्या. सहा किलो. हा आकडा त्याने हवेतून काढला नव्हता. सेकंदाला वीस मीटर वेगाने सूर मारून पंधरा मीटर त्रिज्येच्या वळणाने वर उचललं तर पंखांवर विमानाच्या वजनाच्या पावणेचार पट भार येतो, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास. पंखाने सहा किलो पेलले, कुरकूरही केली नाही. "टेस्ट पास आहे मामा. मग जे सरळ आहे ते सांगून वाकडं का करायचं?"

यावर मी त्याला एक जुनी घटना सांगितली. ३१ मार्च १९३१ ला अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात फोकर एफ-१० जातीचं प्रवासी विमान पंख तुटून कोसळलं. आतले आठही जण गेले. त्यात नूट रॉकनी हे तिथले फार लोकप्रिय फुटबॉल प्रशिक्षक होते, म्हणून देशभर खळबळ उडाली. त्या विमानाचा पंख लाकडी होता, वरून प्लायवूडने मढवलेला. आतले गोंदाचे जोड ओलाव्याने कमकुवत झाल्याचा निष्कर्ष पुढे आला. वरून काहीच दिसत नव्हतं. त्यानंतर अशा पंखांची आतून तपासणी करायची सक्ती झाली, ती खर्चिक ठरली, आणि पूर्ण धातूच्या प्रवासी विमानांकडे जाण्याला वेग आला.

यातून घ्यायचं एवढंच की ते जोड पहिल्या दिवशी बहुधा चांगलेच असणार. जोड आज चांगला आहे हे टेस्ट सांगते. उद्याचं सांगत नाही. उद्या विमान त्या ज्युनिअरच्या हातात असेल. आपटून उतरलं तर आधी कुठे बोट दाबून बघायचं, हे त्याला माहीत असायला हवं. तो कॉलेजच्या मैदानावर उडवणार, कडेला पोरं उभी राहणार. दीड किलोचं विमान वरून एका पंखाने पडलं तर ते खेळणं राहत नाही. भाच्याने जोड चांगला केला, हे त्याचं कौशल्य. तो कुठे आहे हे पुढच्याला सांगणं, हे आर्जव. पहिलं असलं म्हणून दुसरं माफ होत नाही.

मग काय, आपल्या आतलं सगळं सगळ्यांना उघडं करून दाखवायचं? तुमच्यापैकी बरेच जण हा प्रश्न विचारतील, कारण आपल्या सगळ्यांच्या आत कुठे ना कुठे जोड आहेत. माझं उत्तर 'नाही' असं आहे. कव्हरिंग हे पाप नाही. त्याच्याशिवाय पंख उडतच नाही, आणि ताणलेली फिल्म सांगाड्याला बळकटीही देते. आत गोंदाचे ओघळ आहेत, एक फासळी दोनदा घासून बसवलीय, याच्याशी बाहेरच्या कुणाला काही देणंघेणं नाही. मर्यादा, लाज, खाजगीपण यांना धर्मात जागा आहे.

रेषा कुठे ओढायची, त्यासाठी मी स्वतःपुरती एक कसोटी ठरवलीय. ज्याचा भार त्या जोडावर येणार आहे, त्याला तो जोड माहीत असायला हवा. बाकीच्यांना नाही.

ही कसोटी लावून बघा. ऑफिसात एखादं मॉड्यूल डेमोपुरतं चालतंय, आत तात्पुरती पट्टी मारलीय. क्लायंटच्या चहाच्या गप्पांत ते सांगायची गरज नाही, पण रात्री दोन वाजता ज्याला सपोर्टचा फोन येणार त्या सहकाऱ्याला सांगायलाच हवं. लग्नाचं स्थळ आलंय. आपल्या आजारपणाची, कर्जाची गोष्ट अख्ख्या नातेवाइकांत वाटायची नाही, पण जी व्यक्ती आयुष्य आपल्यावर टेकवणार तिला होकाराच्या आधी कळायला हवी. 'तिने विचारलंच नाही' हे तिथे चालत नाही. आणि देवापुढे? तिथे तर सगळा भार आपलाच त्याच्यावर आहे. तरी आपण त्याच्यासमोरही इस्त्री करून उभे राहतो, हे नवलच.

आर्जव हा काही एकाच पंथाचा शब्द नाही. जैन परंपरेत दहा उत्तम धर्मांत तो मोजला जातो, आणि आचार्य आनंदऋषीजींचा जन्म याच पाथर्डी तालुक्यातल्या चिचोंडीचा. एवढ्या परंपरांनी हा शब्द जपला, कारण तो अवघड आहे. खोटं न बोलता वाकडं राहता येतं, हे त्या सगळ्यांना माहीत होतं.

भाच्याने काय केलं, ते सांगतो. त्याने जोडावरची फिल्म चौकोनी कापली आणि तिथे पारदर्शक फिल्म लावली. खिडकीसारखी. आता तो तिरका जोड, पट्ट्या, सगळं बाहेरून दिसतं. ज्युनिअरला त्याने ते दाखवलं, वाळूच्या टेस्टचे फोटो दाखवले. त्या पोराने बराच वेळ विचार केला आणि साडेसहा हजार दिले. अडीच हजार गेले. लॅपटॉप पुढच्या सेमिस्टरवर गेला. भाचा त्या दिवशी थोडा गप्प होता, आणि ते साहजिक होतं. आर्जवाला किंमत नसती तर भगवंतांनी त्याला तप म्हटलं नसतं.

आजचा संकल्प: दिवसभरात एक असा जोड शोधा जो तुम्ही नीट झाकलाय आणि ज्यावर दुसऱ्या कुणाचा तरी भार आहे. घर, ऑफिस, मैत्री, कुठलाही. त्या एकाच माणसाला तो दाखवा. स्टेटसला टाकायची गरज नाही.

उद्या याच अध्यायाचा पंधरावा श्लोक घेऊ. खरं कसं बोलावं, ते.

राम कृष्ण हरी.