निदानापूर्वीचा काळ

रोगाला एकदा नाव मिळाले की रोग्याला समाजात काही एक मान्यता प्राप्त होते. मग त्याच्यासाठी औषध असते, पथ्य असते, घरच्यांची काळजी असते आणि सरकारी दप्तरात एक रकानाही असतो. परंतु हे नाव मिळण्यापूर्वीचा जो काळ, कधी महिन्यांचा तर कधी वर्षांचा, त्यात रोग्याला दुःख तर भोगावे लागतेच, शिवाय ते दुःख खरे असल्याचा पुरावाही त्यालाच रुजू करावा लागतो. हा दुहेरी भार अन्याय्य आहे, आणि तो वाहणाऱ्यांत आपल्याकडे स्त्रियाच अधिक आहेत.

हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यातील पुसेगावासारख्या गावी हा भार किती जड होतो, ते पाहावे. सोयाबीनच्या खुरपणीला किंवा हळदीच्या काढणीला जाणारी बाई "अंगात कणकण राहती, हातपाय गळून जातात, डोळ्यांपुढं अंधारी येती" असे सांगत दवाखान्यात येते तेव्हा तिने त्या दिवसाची मजुरी बुडवलेली असते, आणि गावात भागले नाही तर हिंगोली, तेथेही न भागल्यास नांदेड, अशी वाट तिच्यापुढे असते. तिच्या पिशवीत घड्या पडून मऊ झालेले केसपेपर, रक्त-लघवीचे रिपोर्ट, एक्स-रेचे पाकीट आणि अर्धवट संपलेल्या गोळ्या असतात. प्रत्येक डॉक्टर नव्या कागदावर नव्याने आरंभ करतो, मागचे कागद वाचण्यास त्याला सवड नसते, आणि शेवटी "रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका" असे सांगून ताकदीच्या गोळ्या लिहून देतो. हे वाक्य तो कदाचित धीर देण्यासाठीच उच्चारत असेल. पण घरी पोहोचताच त्याचा निवाडा होतो. डॉक्टरनेच काही नाही म्हणून सांगितले, तेव्हा बाई कामचुकार ठरते, नाहीतर तिला बाहेरचे काही लागले असे धरून तिला देवऋषाकडे नेतात.

बाह्यरुग्ण विभागात दारापर्यंत रांग लागलेली असताना एका रोग्याच्या वाट्याला दोन मिनिटेही येत नाहीत, ही डॉक्टरची अडचण खरी आहे. प्रत्येक डोकेदुखीस महागड्या तपासण्या लावाव्यात असे कोणीही सुज्ञ म्हणणार नाही. तथापि 'मला अजून काही सापडले नाही' हे विधान ज्ञानाच्या सीमेविषयीचे आहे आणि 'तुम्हाला काही झालेले नाही' हे रोग्याच्या सचोटीविषयीचे. पहिल्याच्या आधारावर दुसरे करण्याचा अधिकार कोणत्याही पदवीने मिळत नाही. जठरातील व्रणांचा दोष कित्येक दशके रोग्याच्या चिंतातुर स्वभावावर आणि तिखट खाण्यावर टाकला जात होता. 1982 साली रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन संशोधकांनी त्यामागील जंतू शोधला, आणि 2005 मध्ये त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. दरम्यान ज्यांना 'मनाला लावून घेऊ नका' एवढाच सल्ला मिळाला, त्यांची गणती कोणी ठेवली नाही.

मग विचारले तर काय सापडते? डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी केली. तिचा वृत्तांत 1989 च्या जानेवारीत 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी एखादा तरी विकार होता, आणि पूर्वी कधी अशी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया अवघ्या 8 टक्के होत्या. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी की, सुमारे 45 टक्के स्त्रियांनी आपली काही तक्रारच सांगितली नव्हती. सांगून उपयोग नाही हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक झाले आहे, त्यांच्या मौनाला आरोग्याचा दाखला कसा मानावा?

याच्या उलट दिसणारा, पण मुळात याच उपेक्षेतून उपजलेला प्रकार बीड जिल्ह्यात घडला. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते, अशी तक्रार घेऊन गेलेल्या ऊसतोड मजूर स्त्रियांना कर्करोगाची भीती घालून त्यांची गर्भाशये काढण्यात आली. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे जी माहिती आली तीत 82 हजारांवर ऊसतोड स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. रिकाम्या हाताने परत पाठवणे काय आणि अवयव काढून मोकळे होणे काय, दोहोंतही ती बाई काय सांगते ते ऐकून घेण्याचे आणि थोडा काळ अनिश्चिततेत तिच्याबरोबर राहण्याचे कष्ट टाळलेलेच असतात.

आपल्या प्राचीन वैद्यकाने रोग जाणण्याच्या पाच साधनांत 'पूर्वरूप' स्वतंत्रपणे गणले, आणि दर्शन व स्पर्शन यांच्या जोडीने 'प्रश्न' हाही परीक्षेचाच भाग मानला. त्या वैद्यकाचे सर्व सिद्धांत आज कोणी स्वीकारावेत असे मी म्हणत नाही. पण व्याधी स्पष्ट होण्यापूर्वीची अवस्था जाणून घेण्याजोगी आहे, ही दृष्टी टाकून देण्यासारखी खचित नाही. केसपेपरवर बाईची तक्रार तिच्याच शब्दांत लिहावी, ती केव्हापासून आहे आणि तिच्यामुळे कोणते काम होईनासे झाले हे नमूद करावे, कोणते रोग तपासून वगळले ते मांडावे, निदानाच्या रकान्यात निःसंकोचपणे 'अद्याप अनिश्चित' लिहावे आणि पुन्हा केव्हा यायचे ती तारीख घालावी. यास यंत्र लागत नाही. हिंगोलीत 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे, आणि ही सवय तेथील शिक्षणापासूनच लावता येईल. परीक्षेच्या दिवशी विद्यार्थ्यापुढे सहसा ज्याचे निदान परीक्षकास आधीच ठाऊक आहे असाच रोगी ठेवला जातो, आणि त्यामुळे प्रत्येक दुखण्याचे उत्तर कोठेतरी तयारच असते अशी त्याची समजूत होऊन बसते. त्या परीक्षेत एक तरी रोगी असा असावा, ज्याच्या दुखण्याचे नाव परीक्षकालाही माहीत नाही, आणि विद्यार्थ्याला गुण मिळावेत ते त्याने त्या माणसाला काय विचारले, काय लिहून घेतले आणि काय सांगून घरी पाठवले, यावर.