भूल कुणी निवडायची?

ऑपरेशन परवावर आलं होतं. माकडहाडापाशी, नितंबांच्या फटीत दोन बारीक भोकं आणि आत केसांचा पुंजका. 'पायलोनायडल' या शब्दाचा अर्थच केसांचं घरटं. सर्जन म्हणाले, "छोटंसं काम आहे." भुलीचे तीन पर्याय सांगितले आणि "विचार करून कळवा" म्हणून पुढच्या पेशंटला आत बोलावलं. मी मावशीकडे गेलो. तिची तीस वर्षं भूल देण्यात गेली.

"मावशी, मी पूर्ण भूलच मागणार आहे. मला काही कळायलाच नको."

"ऑपरेशन लहान म्हणून भूल लहान, असं नसतं रे. यात तुला पालथं घालावं लागणार. पालथ्या माणसाच्या श्वासात मध्येच अडचण आली तर हात पोचत नाही, म्हणून बहुतेक वेळा आधीच घशातून नळी घालतात. मग डोळ्यांवर पट्ट्या, मग चौघांनी मिळून उलटवायचं. तू धडधाकट आहेस, धोका फार कमी. पण खटाटोप बघ केवढा!"

"मग कमरेत सुई? आई म्हणते, बाळंतपणात घेतलेल्या सुईपासून तिची कंबर धरते."

"बाळंतपणानंतर सुई न घेतलेल्यांचीही धरते. सुईचा खरा त्रास डोकेदुखीचा. १८९८ साली जर्मनीत आउगुस्ट बीअरनं हा प्रयोग स्वतःवर करून घेतला आणि कित्येक दिवस अंथरुणात काढले. बसलं की ठणका, आडवं झालं की आराम. सुईच्या भोकातून मणक्यातलं पाणी झिरपतं म्हणून ते होतं. आता सुया फार बारीक असतात, त्यामुळे हा त्रास क्वचित होतो. शिवाय औषधात साखर घालून ते जड केलेलं असतं. बसवून टोचलं आणि थोडा वेळ तसंच बसवलं की ते खाली उतरतं. खोगिराला टेकतो तेवढाच भाग बधिर होतो. कधी कधी नंतर लघवी तुंबते, एवढं लक्षात ठेव."

"आणि नुसती जागेवरची?"

"आत पू असेल तर तिथलं मांस आम्लधर्मी होतं, लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध नीट लागू पडत नाही. तुझं सध्या कोरडं आहे. पहिल्या दोन-तीन सुया चांगल्या झोंबतील."

"म्हणजे तुझं मत लोकल."

"माझं मत नंतर. तुला भीती नक्की कशाची वाटते?"

मी कपातला चहा ढवळत बसलो. साखर केव्हाच विरघळली होती.

"दुखण्याची नाही," मी म्हणालो. "तिथं उघडं, पालथं पडायचं आणि लोक आपापसात बोलत असणार. ते मला ऐकू येणार. पण हे काही वैद्यकीय कारण नाही ना?"

"कोण म्हणतं नाही?" तिचा आवाज बदलला. "किती मुलामुलींनी माझ्याकडे 'झोपवाच' म्हणून हट्ट धरला. मी समजायची, दुखण्याला घाबरतात. लाज वाटते का, हे एकालाही विचारलं नाही मी."

"पण मी यातलं काय शिकलोय? मला निवडायला सांगणं म्हणजे जबाबदारी झटकणंच की."

"नुसतं 'कळवा' म्हणून सोडून दिलं तर झटकणंच. पण तुला न विचारता ठरवलं तर तेही अर्धवट. लिग्नोकेन कुठं चालत नाही हे मला ठाऊक, तुला काय सोसवत नाही हे तुलाच. दोन्ही एका जागी यायला हवं."

"आणि सगळं समजून घेऊनही कुणी लाजेपोटी पूर्ण भूल मागितली तर?"

"मी देईन. आधी एवढंच विचारेन, की चादर आणि शांतता मिळाली तर चालेल का?"

मावशीचं मला पटलं. तरी एक गोष्ट अजून खटकते: 'भीती कशाची वाटते' हा प्रश्न विचारायला मावशी असावी लागू नये. किती जणांच्या घरी भूलतज्ज्ञ असतो? म्हणून सांगतो, संमतीपत्रावर सही करण्याआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना भेटायला मागा आणि आपली भीती तिच्या खऱ्या नावानं सांगा.

मी लोकल घेतली. पहिल्या सुया झोंबल्या, नंतर नुसती ओढ जाणवत होती. काम चाललं होतं तेवढी जागा सोडून चादर शेवटपर्यंत अंगावर होती आणि खोलीत कुणी गप्पा मारल्या नाहीत.