आधी भाकर

भिवंडीत एक जॉबर होता. यंत्रमागांचा वैद्यच म्हणा ना! कारखान्याच्या दारात उभं राहून नुसत्या खडखडाटावरून सांगायचा, तिसऱ्या रांगेतला माग कुरकुरतोय. मूळचा वसईकडचा, कॅथलिक घरातला. रविवारची मिस्सा आणि संध्याकाळची रोझरीची जपमाळ त्यानं कधी चुकवली नाही.

मग मंदी आली. शेठनं माग भंगारात वजनावर विकले. त्यांचे बोल्ट जॉबरनंच स्वतःच्या हातानं सैल करून दिले. पुढं अंजूरफाट्याजवळच्या एका गोदामात खोकी मोजायचं काम मिळालं. घर चालत राहिलं, पण तो थांबला. पहाटे तीनला उघडलेले डोळे पुन्हा मिटत नसत. घास तोंडात फिरत राही. दाढी करायचंही त्राण उरलं नाही. चर्च सुटलं. बायको रोझरी घेऊन बसली की तो भिंतीकडे तोंड करून पडून राही.

शेजारी म्हणाले, ''काम आहे, पगार आहे, मग कुढायचं कशाला?'' एका नातलगानं सल्ला दिला, ''नोव्हेनाची प्रार्थना धर. विश्वास कमी पडतोय तुझा.'' हे दुसरं वाक्य त्याला जास्त लागलं.

बायकोनं डॉक्टरचा विषय काढला तर तो उसळला, ''मला ठाण्याला पाठवतेस?'' ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. 'ठाण्याला पाठवणं' ही आपल्याकडची थट्टा होऊन बसली आणि त्या थट्टेच्या धाकानं कित्येक दुखणी घरातच राहिली.

एका शनिवारी संध्याकाळी तो चर्चच्या पायरीवर येऊन बसला. फादरांनी विचारलं, ''आत येत नाहीस?''

''पाप सांगायला आलो होतो, फादर. पण कुठलं सांगू? प्रार्थनाच होत नाही. देवानं उचलावं, एवढंच वाटतं.''

''जीव द्यायचं मनात येतं?''

इतकं सरळ त्याला कुणी विचारलं नव्हतं. ''येतं कधीकधी.''

''हे पाप नव्हे, दुखणं आहे. आज एकटा राहू नकोस. घरी मीही येतो, बायकोला सांगू. पण आधी सांग, जेवलास का?''

त्यानं नकारार्थी मान हलवली. फादरांनी चहा-पाव आणून पुढं ठेवला. तो खात असताना त्यांनी बायबलमधली एक गोष्ट काढली. एलिया मोठा संदेष्टा. पण एकदा तोही जिवाच्या भीतीनं रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि देवाजवळ मरण मागू लागला. देवानं काय केलं? रागावला नाही, उपदेश केला नाही. त्याला झोपू दिलं. मग देवदूतानं उठवलं, भाकर आणि पाणी दिलं. खाऊन एलिया पुन्हा झोपला. देवदूतानं पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घातलं, कारण वाट लांबची होती. देव त्याच्याशी बोलला तो चाळीस दिवसांनी, डोंगरावर, अगदी हलक्या आवाजात.

''म्हणजे आधी भाकर,'' फादर म्हणाले, ''बोलणं नंतर.''

''पण गोळ्या घेतल्या तर देवावरचा भरवसा कमी नाही का ठरणार?''

''बाण्याचा धागा तुटला की माग काय करतो?''

''थांबतो. आपोआप.''

''का?''

''न थांबता चालला तर कापड वाया जाईल.''

''आणि मोठा बिघाड असला तर?''

''विणकर मला हाक मारायचा.''

''म्हणजे विणकराला विणता येत नव्हतं?''

''यायचं की. पण माग उघडणं जॉबरचं काम.''

''मग आपणही जॉबरला हाक मारू.''

किती तरी दिवसांनी तो किंचित हसला.

सोमवारी बायको आणि फादर त्याच्यासोबत ठाण्याला गेले. तिथं ना साखळदंड होते, ना आरडाओरडा. केसपेपर, रांग आणि झोपेबद्दल नीट विचारणारे डॉक्टर होते. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागले. मध्ये एकदा पुन्हा ढासळला, तेव्हा औषध बदललं. चमत्कार झाला नाही. मिस्सेला तो शेवटच्या बाकावर बसे, ओठ मात्र हलत नसत. घरी बायको म्हणे, ''तुमच्या वाटचं 'नमो मरिया' मी म्हणते, तुम्ही नुसते मणी सरकवा.'' फादरांनी त्याला मदर तेरेसांचं सांगितलं. वर्षानुवर्षं त्यांना आत अंधारच जाणवत होता. ते सांगणारी त्यांची पत्रं २००७ साली प्रसिद्ध झाली आणि २०१६ साली त्या संत झाल्या. तो अंधार म्हणजे आजार होता असं नव्हे. पण देव जाणवत नाही म्हणून तो नाहीच, असंही नव्हे.

वर्ष सरलं. गोळ्या अजून चालू होत्या. एका संध्याकाळी मणी सरकवता सरकवता अर्धी प्रार्थना त्याच्या तोंडून आपसूक निघाली. बायकोनं उरलेली अर्धी म्हटली.

पुढं एकदा गोदामात दुपारच्या सुट्टीत एक पोरगा डबा न उघडता बसलेला त्याला दिसला. चार दिवस तो असाच बसत होता. जॉबर त्याच्याजवळ गेला. देवाचं नाव काढलं नाही, उपदेश केला नाही. स्वतःचा डबा उघडून मध्ये ठेवला आणि विचारलं, ''जेवलास का?''

तात्पर्य: खचलेल्या माणसाच्या श्रद्धेचं माप काढू नये. त्याला भाकर द्यावी, त्याच्याजवळ बसावं, डॉक्टरपर्यंत सोबत जावं. प्रार्थना त्याला जमेपर्यंत त्याच्या वाटची आपण म्हणावी. आणि रात्री-अपरात्री सोबतीला कुणीच नसेल, तर 'टेलि-मानस'चा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो. त्यावर मराठीतही बोलता येतं.