धुतलेले हात

बातमी खरी असली म्हणजे ती छापणाऱ्याचे हात स्वच्छ राहतात काय? मर्व्हिन लरॉय यांचा १९३१ सालचा 'फाइव्ह स्टार फायनल' हा अमेरिकन चित्रपट पाहताना हा प्रश्न आम्हांला अस्वस्थ करतो.

न्यूयॉर्कमधील एका दैनिकाचा खप वाढवण्यासाठी, मालकाच्या आग्रहाखातर, संपादक रँडल वीस वर्षांपूर्वीचे एक खून-प्रकरण उकरून काढतो. त्यातील स्त्रीला ज्यूरीने मुक्त केले होते. आता ती संसारात स्थिरावली आहे. कन्येचा विवाह तोंडावर आला आहे. एक बातमीदार धर्मगुरूचा वेश घेऊन त्या घरात शिरतो आणि भाबड्या विश्वासाने सांगितलेले सारे कचेरीत पोचवतो. परिणामी ती माता, आणि तिच्यामागोमाग तिचा पती, आत्महत्या करतात.

प्रकरण मुळात खोटे नव्हते. गोळी तिच्याच हातून सुटली होती. अपराधाची खोली नेमकी येथेच आहे. असत्याचे खंडन करता येते. परंतु मागे पडलेले सत्य केवळ चार पैशांसाठी चव्हाट्यावर मांडले, तर त्या माणसाने कोणाकडे दाद मागावी?

रँडल वारंवार हात धुतो, तेव्हा पिलाताची आठवण होते. पण पिलातासमोर जमावही होता! खप वाढतो तो वाचकांमुळे. शेजाऱ्याची जुनी चूक चवीने वाचताना आम्हीही त्याच जमावात उभे असतो. रँडल अखेर ती नोकरी सोडतो. आम्ही निदान ती चव सोडावी.