गाडी आपली, पण कोठवर?

जुनी मोटरसायकल घरी आणावी, ती पूर्ण उघडावी आणि स्वतःच्या हाताने पुन्हा उभी करावी, असा छंद आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ तरुणांना आहे. वडीलधारी माणसे म्हणतात, "हा वेळेचा व पैशाचा अपव्यय आहे." तरुण म्हणतात, "गाडी आमची आहे. ती कशी करायची हे आम्ही ठरवू." आम्हास ही दोन्ही मते अपुरी वाटतात. एखादी वस्तू आपली आहे म्हणजे तिच्यावर आपला अधिकार कोठवर पोहोचतो, हा यातील खरा प्रश्न आहे.

उदाहरणासाठी आपण येझदी घेऊ. म्हैसूरच्या कारखान्यात १९६१ पासून चेकोस्लोव्हाकियाच्या जावा गाड्या तयार होऊ लागल्या. पुढे त्याच बनावटीच्या गाड्यांना येझदी हे नाव मिळाले. तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. २०२२ मध्ये येझदी हे नाव पुन्हा बाजारात आले खरे. पण त्या नव्या गाड्यांचे इंजिन अगदी निराळे आहे. जुन्या येझदीत पेट्रोलमध्येच ऑईल मिसळावे लागते, आणि ज्या दांड्याने किक मारायची तोच पुढे वळवला की गिअरचा दांडा होतो. अशी गाडी ज्यांच्या घरी आहे त्यांना ती केवळ लोखंड वाटत नाही. तिच्या टाकीवर बसून ज्यांचे बालपण गेले ते आज आजोबा झाले आहेत.

आता कोणी विचारील, सिलिंडर बोअर करून नवा पिस्टन घातला, वायरिंग बदलले, चाकांना नवे आरे घातले, रंग दिला. मग ही वडिलांची गाडी राहिली का? हा प्रश्न फार जुना आहे. थीसियसच्या जहाजाच्या कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलल्या गेल्या, तेव्हा ते जहाज तेच राहिले की नाही यावर तत्त्वज्ञांचा वाद होता, असे प्लूटार्क सांगतो. पुढे १६५५ मध्ये हॉब्जने त्यात भर घातली: कोणी त्या जुन्या फळ्या जमवून दुसरे जहाज बांधले, तर खरे कोणते? सरकारी दप्तराचे उत्तर सोपे आहे. चासी नंबर व इंजिन नंबर जुळले की गाडी तीच. पण घरातील माणसांचे उत्तर नंबरावर अवलंबून नसते. आमच्या मते, काय बदलले यापेक्षा कोणत्या हेतूने बदलले हे अधिक महत्त्वाचे आहे. जो भाग झिजला तो गाडी चालावी म्हणून बदलणे ही सेवा आहे. जो भाग धड आहे तो केवळ लोकांनी वळून पाहावे म्हणून कापून टाकणे, हे निराळे आहे.

या कामात माणसाची सचोटी कोठे तपासली जाते? रंगात नाही, क्रोममध्ये नाही. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन्ही टोकांना रबराचे ऑईल सील असतात. ती वस्तू अगदी स्वस्त असते. इंजिन उघडले असता ते सील बदलले की जुनेच ठेवले, हे केसिंग बंद झाल्यावर कोणालाही दिसत नाही. परंतु जुने सील फाटले तर तेथून हवा आत शिरते, इंधनाचे मिश्रण विरळ होते, इंजिन तापते आणि पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होतो. भर वेगात असे झाले आणि क्लच वेळेवर दाबला गेला नाही, तर मागचे चाक अडकते. मागे बायको बसलेली असेल, किंवा टाकीवर मूल असेल. तेव्हा तो लहानसा रबरी तुकडा हा नीतीचा प्रश्न नव्हे काय? जेथे कोणी पाहत नाही तेथे केलेले काम हेच आपले खरे काम.

दुसरी गोष्ट शेजाऱ्याची. सायलेन्सरमधील जाळी काढली की आवाज मोठा होतो, आणि काहींना तीच शान वाटते. पण शेजारी कोणी आजारी असेल, कोणाचे तान्हे बाळ नुकतेच झोपले असेल. गाडी आपली असली तरी आवाज सर्वांच्या घरात जातो. कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ अन्वये, नोंदणीपत्रातील तपशील कारखान्याने मुळात ठरविलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच पुन्हा सांगितले. रंग बदलल्यास नोंदणीपुस्तकात तशी नोंद करून घ्यावी.

तिसरी गोष्ट पुढच्या मालकाची. आज ना उद्या ती गाडी दुसऱ्याच्या हाती जाईल. सिलिंडर किती वेळा बोअर झाला, चासीला कोठे वेल्डिंग आहे, हे विचारण्यापूर्वीच सांगणे हा आपला धर्म आहे. नव्या रंगाखाली जुनी चीर लपविणारा केवळ गाडी विकत नाही, तो दुसऱ्याचा जीव धोक्यात घालतो.

मग या छंदाला आमचा विरोध आहे काय? मुळीच नाही. नट-बोल्ट डब्यांत चिठ्ठ्या लावून ठेवताना, पान्याने बोल्ट नेमका किती आवळावा हे हाताला शिकविताना जो संयम येतो, तो पुस्तकातून येत नाही. मुलगा बापाजवळ बसून दिवा धरतो, तेव्हा दोघांत जे बोलणे होते ते एरवी होत नाही. मात्र त्याच घरात आईचे औषध आणायचे राहिले असेल किंवा मुलांची फी थकली असेल, तर त्या महिन्यात गाडी तशीच उघडी राहू द्यावी. लोखंडाला थांबता येते, माणसांना नेहमीच थांबता येत नाही.

रविवार शाळेच्या शिक्षकांनी हा विषय मोठ्या मुलांपुढे अवश्य ठेवावा. प्रश्न एवढाच विचारावा: "तुझ्या गाडीचा जो भाग कोणालाच दिसणार नाही, तो तू कसा जोडलास?" मुले प्रथम हसतील. पण त्यांना उत्तर शोधू द्यावे, आणि ते ऐकून घ्यावे.