मागणीचा अर्ज आणि नगराचा जमाखर्च

कोणत्या वस्तीत नळ आधी पोचावा, कोणत्या रस्त्यावर पुन्हा डांबर पडावे आणि कोणत्या शाळेतील मुलांनी आणखी एक पावसाळा गळक्या छपराखाली काढावा, याचा निवाडा नगराच्या अंदाजपत्रकात होत असतो. आणि तरीही ज्यांच्या आयुष्याविषयी हा निवाडा होतो, त्यांना त्याची पहिली वार्ता बहुधा वृत्तपत्रातून, म्हणजे सारे ठरून गेल्यावर, मिळते. ही रीत बदलावी म्हणून पुणे महानगरपालिकेने 2006 मध्ये जो उपक्रम आरंभिला, त्याचे मोल मी फार मोठे मानतो. नागरिकाने आपल्या प्रभागातील काम सुचवावे, अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्यावा, अभियंत्याने त्याची शक्याशक्यता तपासावी, प्रभाग समितीने संमती द्यावी आणि मग ते काम आयुक्तांच्या अंदाजपत्रकातून स्थायी समितीपुढे व अखेर मुख्य सभेपुढे जावे, असा तो क्रम.

या अर्जांत मागण्या येतात त्या मुख्यत्वे पदपथांच्या, दिव्यांच्या, बाकड्यांच्या आणि रस्त्यांच्या डागडुजीच्या. त्यावरून लोकांची दृष्टीच आखूड आहे असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल, कारण आरंभीच्या नियमांनुसार एका कामास 5 लाखांची मर्यादा होती, आणि ज्याला अंगणापुरतेच विचारले त्याने गावाच्या शिवेविषयी काय सांगावे? पगार, निवृत्तिवेतन, पाणीउपसा, विजेचे देयक आणि आधीच हाती घेतलेले प्रकल्प यांना वाट करून दिल्यावर मोकळी रक्कम किती उरते, हे त्याच्यापुढे कोणी मांडलेलेच नसते. शिवाय अर्ज भरण्याची सवड, तो कोठे मिळतो याची माहिती आणि कचेरीत पाऊल टाकण्याचे धैर्य ज्यांच्यापाशी असते, त्यांच्याच इच्छेला आपण ‘लोकांची इच्छा’ म्हणू लागतो; पहाटे कामावर निघणारी मोलकरीण त्या संख्येत क्वचितच असते.

ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे या नगराने 1989 मध्ये हाच प्रश्न अधिक धीटपणे हाताळला. तेथे नगराचे 16 विभाग पाडून विभागवार सभा भरविल्या गेल्या. परंतु सभेत ज्यांचे हात अधिक वर गेले त्यांचेच काम आधी, असा उथळ न्याय त्यांनी पत्करला नाही. विभागाने दिलेला अग्रक्रम, त्याची लोकसंख्या आणि तेथे त्या सोयीचा असलेला अभाव, या तिहींना गुण देऊन निधीची वाटणी झाली, आणि म्हणूनच सांडपाण्याच्या नळ्या व डांबरी रस्ते जेथे कधी पोचले नव्हते त्या गरीब वस्त्यांकडे पैसा वळला. पुढे राज्यकर्ते बदलले, आस्था ओसरली आणि 2017 मध्ये ती प्रक्रिया स्थगित झाली; ज्या प्रथेला कायद्याचा आधार नाही तिचे आयुष्य सत्ताधाऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून राहते. पुण्याची अवस्थाही फारशी निराळी नाही. मार्च 2022 नंतर कित्येक वर्षे स्थायी समिती आणि मुख्य सभा या दोहोंचे अधिकार एका प्रशासकाच्या हाती एकवटले होते, तेव्हा नागरिकांचे अर्ज येत राहिले तरी ते ज्या लोकनियुक्त सभेपुढे जायचे ती सभाच नव्हती.

अभावाला गुण देण्याची ही कल्पना आपल्याला परकी वाटू नये. ज्योतिराव फुले 1876 ते 1882 या काळात पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी सार्वजनिक पैसा खर्चण्याचा प्रस्ताव आला तेव्हा तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा असे म्हणून त्यांनी एकट्याने विरोध केला, आणि मंडईच्या इमारतीच्या खर्चासही त्यांचा आक्षेप याच कारणासाठी होता. त्या सभेत बहुमत कोणाचे होते हे सांगावयास नको, पण ज्यांना तेथे बसावयास जागाच नव्हती त्यांची गरज त्या एका मताने दप्तरात नोंदविली.

माझी तक्रार मुख्यत्वे ‘वर्गीकरणा’विषयी आहे. अंदाजपत्रक मंजूर होते, नागरिकाच्या कामापुढे तरतूद दिसते, आणि वर्ष सरता सरता तीच रक्कम एका ठरावाने दुसऱ्या कामाकडे वळते. मूळ अर्जदाराला ना कारण कळते, ना तारीख. म्हणून नागरिकांनी सुचविलेल्या कामाची तरतूद त्या प्रभागात सुनावणी घेतल्यावाचून वर्ग करता येऊ नये, नाकारलेल्या प्रत्येक अर्जाचे कारण अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे जाण्यापूर्वी क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर मराठीत लागावे, आणि ज्या वस्त्यांतून एकही अर्ज येत नाही तेथे अर्ज घेऊन कनिष्ठ अभियंत्यानेच सायंकाळी, लोक कामावरून परतल्यावर, जावे, अशी तरतूद नियमातच झाली पाहिजे.